धनश्रीच्या रडण्याचा अहवाल

आष्टी,
गुरुवार, १५ जानेवारी

१. सोमवार, १२ जानेवारी, सकाळी ९.४०. धनश्री रडायला लागली. पोट भरलेलं, लंगोट कोरडा, ताप नाही.
२. १०.१५ पर्यंत मी नऊ उपाय केले. रडणं चालू.
३. १०.१६. सासूबाईंनी घेतलं. गप्प.
४. १०.२०. परत माझ्याकडे. रडणं.
५. क्रमांक तीन आणि चार आणखी पाच वेळा करून पाहिले. निकाल प्रत्येक वेळी तोच.
६. ११.०५. दुधाच्या टँकरवाले बंकटमामा दारात आले. त्यांनी घेतलं. गप्प. बंकटमामांना तिने जन्मात पाहिलेलं नाही. त्यांच्या मिशा कानापर्यंत आहेत.
७. ११.१०. बंकटमामांनी तुझा निरोप सांगितला. "अंगद म्हनलाय, जावळाला पोरीला दुसऱ्या कुनाच्या तरी मांडीवर बसवा. माज्याकडं आली की टाहो फोडती."
८. निरोप नामंजूर.

दादा, थोरल्या भावाला करतात तो नमस्कार. (कडेवर बाळ असल्याने अर्धाच वाकून.) आधी नोंदी आणि मग खुशाली हा क्रम उलटा आहे, हे मला ठाऊक आहे, पण दूध संकलन केंद्राच्या प्रयोगशाळेत चार वर्षं काढल्यावर माणूस आधी आकडे सांगतो आणि मग चहा विचारतो. आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या भाचीचं वजन सहा किलो चारशे ग्रॅम आहे, तुझ्या दाजींचं मी मोजलेलं नाही. आबांचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला गेला का? तुझ्या लंगड्या मेंढीचा पाय बसला का? (तिचं नाव मला आठवत नाही. तुला सगळ्यांची आठवतात, म्हणून तिलाही विचारलंय असं सांग.)

पत्र का लिहिलं, फोन का नाही केला, असं तू विचारशील. तुला फोन लावला की निम्मं बोलणं मेंढ्या करतात. उरलेल्या निम्म्यात तू "हां", "बरं" आणि "ठेवू का" एवढंच बोलतोस, आणि मला जे सांगायचंय ते "ठेवू का"च्या आधी मावणारं नाही. बंकटमामा शनिवारी पुन्हा गेवराईच्या फेरीला निघतील, चकलांब्याच्या ज्या शेतात तुमच्या मेंढ्या बसल्या आहेत तिथे ते हे पत्र पोचवतील. आई म्हणेल, मला वाचून दाखव. दाखव, पण कंसातला सगळा मजकूर गाळून. (कंस म्हणजे काय ते तुला सांगायला नको. दहावीला गणितात तुला माझ्यापेक्षा अकरा गुण जास्त होते. हेही गाळ, नाहीतर ती पुन्हा तुझ्या सुटलेल्या शाळेचा विषय काढेल आणि मेंढ्या तशाच राहतील.)

आता मुद्दा. जावळ रविवारी, २५ तारखेला, बिरोबाच्या देवळात ठरलं आहे. पाचवा महिना संपायला पाच दिवस उरतात, पुढे ढकलता येत नाही. जेवण मागेपुढे झालं, न्हावी उशिरा आला, नारळ नासका निघाला, तरी जावळ होतं. मामाची मांडी नसली तर ते नुसतं केस कापणं होतं. धनश्रीला मामा एकच आहे आणि या वयात मी आणखी भाऊ आणू शकत नाही. तेव्हा तुझा निरोप हा माझ्या दृष्टीने तांत्रिक अडचण आहे आणि तांत्रिक अडचणीचं कारण शोधायचं असतं. मी ते शोधलं आहे. सोमवारी दुपारी सापडलं, मंगळवारी तपासून पाहिलं. आता पद्धतशीर सांगते.

दिवाळी करून मी माहेरून इथे आले, त्यानंतर चार नोव्हेंबरपासून माझ्याकडे वही आहे. तारीख, वेळ, रडण्याचा प्रकार, उपाय, लागलेली मिनिटं. प्रकार पाच. भुकेचं रडणं आखूड असतं, मध्येच थांबून ती मूठ तोंडात घालते. ओल्या लंगोटाचं रडणं हे रडणं नव्हे, ती तक्रार असते, आणि तक्रारीतही एक प्रकारचा सभ्यपणा असतो. पोट दुखत असलं की पाय पोटाशी घेते. झोप आली की डावा कान ओढते, उजवा कधीच नाही, का ते कळलेलं नाही. हे चार प्रकार मी आठ दिवसांत शिकले आणि आता पलीकडच्या खोलीतून नुसतं ऐकून सांगते. शंभरात चार वेळा चुकते. पाचव्या प्रकारापुढे मी "कारण नाही" असं लिहीत होते. हा प्रकार बहुतेक माझ्याच कडेवर होतो. (हे शेवटचं वाक्य आईसमोर मुळीच वाचू नकोस. ते कंसाच्या बाहेर राहिलं, ही माझी चूक.)

माझ्या सासूबाई, म्हणजे चंद्रभागाबाई, यांना वही आवडत नाही. मी घड्याळ लावून उभी राहिले की त्या म्हणतात, "आगं ते लेकरू हाय, दुधाचा कॅन न्हाई." त्यांचे उपाय मी तरीही अडवले नाहीत, उलट नोंदवले. हिंग पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. पोटदुखीच्या रडण्यावर उपयोग झाला, पाचव्यावर नाही. ओव्याची धुरी दिली. मीठ, मोहरी आणि सात मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका मला लागला, सासूबाईंना लागला, रस्त्याने जाणाऱ्या एका पोस्टमनला लागला. धनश्री रडत होती ती रडत राहिली, तिला ठसका मात्र लागला नाही. सासूबाईंच्या मते नजर शेजारच्या वर्षाराणीची आहे. ती कापडाच्या दुकानदारांची सून, बाळाला बघायला रोज येते आणि रोज "लई ग्वाड हाय" म्हणून जाते. सासूबाईंनी तिला आता दारात काळी बाहुली टांगून दाखवली आहे. ती म्हणाली, बाहुली पण ग्वाड हाय.

तुझ्या दाजींचा विचार वेगळा होता. बजरंगराव दिवसभर बोअरच्या मोटारी दुरुस्त करतात, त्यामुळे जगातल्या सगळ्या अडचणी त्यांना बेअरिंग नाहीतर वायंडिंगमध्ये दिसतात. त्यांचं म्हणणं, लेकराला एकसारखा आवाज लागतो. एका रविवारी दुपारी त्यांनी दुरुस्तीला आलेली साडेसात हॉर्सपॉवरची मोटार अंगणात आणून सुरू केली. धनश्री गप्प झाली. चार मिनिटं. त्यानंतर गल्लीतली लाईट गेली आणि अकरा घरांतून माणसं विचारायला आली. बजरंगरावांनी सगळ्यांना सांगितलं की वरूनच गेली असंल. (त्यांनी पत्नीकडे बघून हे सांगितलं नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने लिहिते.) मग मी मोबाईलवर आमच्या केंद्रातल्या यंत्राचा आवाज लावून पाहिला. त्यात निदान लाईट जात नाही. पण पाचवा प्रकार तसाच राहिला.

सोमवारी बंकटमामा गेले तेव्हा मी कोरं पान घेतलं आणि दोन याद्या लिहिल्या. कोणाच्या कडेवर गप्प होते: आई, आबा, सासूबाई, बंकटमामा, आणि सकाळचे बजरंगराव. कोणाच्या कडेवर रडते: मी, वर्षाराणी, दवाखान्यातले डॉक्टर, संध्याकाळचे बजरंगराव, आणि बारशाच्या दिवशी तू. वय पाहिलं, जुळलं नाही. बाई की पुरुष पाहिलं, जुळलं नाही. मिशांचा मुद्दा मी गंभीरपणे तपासला, पण डॉक्टरांनाही मिशा आहेत. अडकले ते बजरंगरावांपाशी. एकच माणूस दोन्ही याद्यांत कसा? तर सकाळी ते सासूबाईंच्या दोन शेळ्यांची धार काढून येतात, आणि संध्याकाळी वर्कशॉपमधून आल्यावर ग्रीस घालवायला अर्धी वडी साबण अंगाला घासतात. मग उलगडा व्हायला वेळ लागला नाही. सासूबाई दिवसातला निम्मा वेळ शेळ्यांत असतात. आई-आबा तर मेंढ्यांतच. आणि बंकटमामांनी त्या दिवशी सकाळी तुझी लंगडी मेंढी खांद्यावर घालून जनावरांच्या दवाखान्यात नेली होती आणि त्याच सदऱ्यात ते टँकर घेऊन इकडे आले होते.

मी हे मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "म्या कवाची सांगती. तुला वासच न्हाई गं अंजू. लेकराला कळंल कसं, कोन घेतलंय त्ये?" (त्या कधीच सांगत नव्हत्या. वहीत नोंद नाही.)

त्यांचं म्हणणं खरं आहे. तुला आमच्या कामातली एक गोष्ट सांगते. कॅन आला की यंत्र नंतर, आधी झाकण उघडून नाकाशी धरायचं. दूध आंबायला लागलंय का, जनावराने घाणेरीचा पाला खाल्लाय का, कॅन नीट धुतलाय का, हे नाक यंत्राच्या आधी सांगतं. म्हणून तपासणाऱ्याने गजरा माळायचा नाही, वासाचं तेल लावायचं नाही, कच्चा कांदा खाऊन यायचं नाही. मी तर साबणही बिनवासाचा वापरते आणि कोपरापर्यंत हात सोड्याच्या पाण्याने धुते. बाळाला घ्यायच्या आधीही तसेच धुवायचे. केंद्रात याबद्दल माझं नाव घेतात. (ही सवय मी कामासाठी लावलेली नाही. उदगीरच्या वसतिगृहात लागली होती, कामाला उपयोगी पडली. का लागली ते तुला माहीत आहे.)

मंगळवारी प्रयोग केला. कालच्याच कपड्यांत, हात न धुता, शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसले. वेळ वीस मिनिटं ठरवली होती. तांबडी शेळी मांडीवर डोकं ठेवून बसली, काळी माझी ओढणी खात होती. तेराव्या मिनिटाला भिंतीवरून वर्षाराणी डोकावली.

"वैनी, शेळी आजारी हाय का?"

"नाही."

"मंग तुमी?"

"मीही नाही."

"मंग कावून बसल्यात?"

"अजून सात मिनिटं आहेत."

ती गेली. चहाच्या वेळेपर्यंत गल्लीत बातमी झाली की सासूने मला घरातून काढलं आणि गोठ्यात बसवलं. सासूबाईंच्या कानावर आली तेव्हा त्यांनी ती खोडून काढली नाही. आता बायका त्यांच्याशी जरा बेतानं बोलतात. (मला वाटतं, त्यांना हे आवडलं आहे.)

वीस मिनिटं झाल्यावर पाचव्या प्रकारचं रडणं चालू असताना मी धनश्रीला घेतलं. तिने माझ्या खांद्याला नाक लावलं. थांबली. पुन्हा लावलं. मग मूठभर ओढणी धरली, काळीने खाऊन उरलेली, आणि गप्प झाली. तीन मिनिटांनी डावा कान ओढला, म्हणजे झोप. त्यापुढच्या सव्वा तासाची वहीत नोंद नाही, कारण मोकळा हात पेनपर्यंत पोचत नव्हता आणि मला उठायचं नव्हतं. निरीक्षण बिघडू नये म्हणून.

तेव्हापासून हा प्रयोग चार वेळा केला. तीनदा जमला. चौथ्यांदा तिला खरोखर भूक लागली होती आणि मी तिच्या नाकाशी शेळी धरत होते, तो दोष माझा. निष्कर्ष पक्का आहे. बाळ जनावरांत जन्माला आलं, दोन महिने त्या घरात वाढलं, आणि जगातली माणसं ते नाकाने ओळखतं. यात नजर नाही, पोट नाही, वायंडिंग नाही. एक मार्चला मला कामावर हजर व्हायचं आहे. गोठ्यातून थेट कॅनपाशी गेले तर दिवसभराचं सगळं दूध मी माझ्याच वासाने नापास करीन. तेव्हा घरी अंगावर घ्यायला आपल्या मेंढ्यांचा वास असलेली एखादी वापरातली घोंगडी पाठव, म्हणजे मी कामावरून आले की ती पांघरून बाळाला घेईन. नवी नको. धुऊ नकोस.

आई फोनवर दर वेळी विचारते, "म्या दिलेल्या घोंगडीत गप झोपती ना?" तिला सांग, झोपते. (ता. क. पाहा.)

आबांना नमस्कार, आईला नमस्कार, मेंढ्यांना जसं असेल तसं.

तुझी,
अंजू

ता. क. १. तिन्ही ता. क. आईसमोर वाचू नकोस, कंस नसले तरी. आईने दिलेली घोंगडी मी तीन नोव्हेंबरला, सासरी आल्या आल्या, वॉशिंग मशीनमध्ये धुतली. पाणी साठ अंश, सोबत धुण्याचा सोडा, चाळीस मिनिटं. धनगराच्या लेकीने घोंगडी गरम पाण्यात धुतली, हे मीच लिहिते आहे, तू पुन्हा म्हणायची गरज नाही. आठ फुटांची ती साडेचार फुटांची झाली आणि जाडी दुप्पट. कशाला न टेकता उभी राहते. लोकर आबांनी कातलेली होती, ते मला माहीत आहे. सासूबाईंनी ती गोठ्याला वाऱ्याच्या बाजूने लावली आणि शेळ्या तेव्हापासून अतिशय शांत आहेत. ज्या दिवशी घोंगडीचा वास गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पाचव्या प्रकारचं रडणं सुरू झालं, आणि माझी वहीही त्या दुसऱ्या दिवसापासूनच सुरू होते. आदल्या दिवसाचं पान नाही. एखाद्या शिकाऊ मुलीने असा अहवाल आणला असता तर मी तो तिच्या हातात परत दिला असता.

ता. क. २. बारशाला तू दोनदा आंघोळ केलीस, नवा शर्ट घातलास आणि कानात अत्तराचा फाया ठेवलास. बाळ तुझ्या हातात दिलं, ते ओरडलं, तू "माज्यावर रागावली जनू" म्हणून हसलास आणि परत घेतलं नाहीस. त्यानंतर दिवाळीपर्यंत तू तिला उंबऱ्यातून बघायचास, आणि उंबऱ्यापर्यंत यायच्या आधीही हौदावर साबणाने हातपाय धुवायचास. मी बघत होते. नोंद केली नाही. ती रागावलेली नव्हती. तिला अत्तर कळलं, मामा कळला नाही.

अत्तर तू कोणासाठी लावलंस तेही मला ठाऊक आहे. मी पहिल्या वर्षाला असताना तू मेंढ्यांतून थेट उदगीरला आला होतास. खांद्यावर घोंगडी, हातात आईच्या भाकरी. वसतिगृहाच्या फाटकाशी चार मुली उभ्या होत्या आणि मी त्यांच्यासमोर तुला म्हणाले, "दादा, पुढच्या वेळी आंघोळ करून येत जा." पुढच्या वेळी तू आलास तेव्हा शर्टाच्या कॉलरला दुकानातली चिठ्ठी तशीच होती. दहा मिनिटं बसलास. नंतर आला नाहीस. मी तेव्हा म्हणाले ते चूक होतं. एवढं लिहायला मला नऊ वर्षं आणि शेळ्यांचा एक गोठा लागला.

ता. क. ३. वरची घोंगडीची मागणी रद्द समज. २५ तारखेला तू ये. मेंढ्या एक दिवस आबा बघतील. शेतातून थेट ये, अंगावर असतील त्या कपड्यांत, घोंगडी खांद्यावर टाकून. नवा शर्ट नको, अत्तर नको, हौदावर थांबू नकोस. आंघोळ करू नकोस. न्हावी दहाला येणार आहे, तू त्याआधी अर्धा तास तिला घेऊन बस. ती रडली तर माझा अहवाल चुकला असं समजायचं, तू नाही. देवळात कोणी नाकाला पदर लावला तर त्या बाईशी मी बोलेन.

फोनवर मेंढ्यांच्या गलक्यात नुसतं "हां" म्हणालास तरी पुरे. येतोस का ते बुधवारपर्यंत, २१ तारखेपर्यंत, कळव.